भिंतीवरची जिवंत माणसं

कुणी फोटोसमोर हात जोडले की दाजीमामा दारातून ओरडायचे, "आवं, जित्ता हाय त्यो! आत्ता उसाला पानी पाजत आसंल!"

पलूसच्या एका जुन्या हळदीच्या वखारीत मामांनी गावातल्या माणसांचे फोटो लावले होते. तिकीट नाही, विक्री नाही. मिरजेचा फोटो स्टुडिओ मुलाकडे सोपवून ते गावी परतले, तेव्हा वखारीच्या मालकांनी जागा अशीच वापरायला दिली होती. कितीही चुना मारला तरी भिंती पिवळट राहायच्या. मी सांगलीत बी.ए.ला होतो, आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. पण माणसाचा चेहरा नीट बघायला मी शिकलो तो सुट्टीत मामांच्या हाताखाली, त्या वखारीत.

आमच्याकडे फोटो भिंतीवर चढतो तो माणूस गेल्यावर. मामांना ते पटत नसे. "मेल्यावर समदीच बघत्यात रं. जित्तेपनी कोन बघतं?"

एकाहत्तरच्या लढाईत गावातल्या हिराबाईंचा मुलगा शंकर आघाडीवर होता. बरेच दिवस त्याचं पत्र नव्हतं. त्याचा लष्करी वेषातला फोटो वखारीत होता. मामा जेवायला गेले असताना परगावच्या बायका आल्या आणि लढाईत कामी आलेला जवान समजून त्यांनी फोटोला कुंकू लावलं, हार घातला.

हिराबाईंच्या कानावर गेलं. त्या तडक वखारीत आल्या. "माजं लेकरू तिकडं गोळ्या झेलतंय, आन् तुमी त्याला हार घातला व्हय?"

मी खुलासा करणार होतो. मामांनी हातानेच थांबवलं. फोटो उतरवून, धोतराच्या सोग्याने कुंकू पुसून त्यांनी तो हिराबाईंना दिला. मग त्याच धास्तीने सगळेच आपापला फोटो मागायला आले. मामा देत गेले. भिंतींवर नुसते खिळे उरले.

मालक म्हणाले, "मामा, पोती ठेवू का आता?"

"उन्हाळ्यापत्तुर दम धरा," मामा म्हणाले, आणि रोज झाडून दार उघडं ठेवत राहिले.

उन्हाळ्याच्या तोंडावर शंकर सुखरूप परतला. आईला घेऊन वखारीत आला. "मामा, लावा माजा फोटो."

मामांनी त्याच्या आईकडे पाहिलं. "वैनी, तुमचा जीव थाऱ्यावर ऱ्हाईल का? न्हाईतर न्हाई लावायचा."

हिराबाई भिंतीपाशी गेल्या. "आदी माजा काडा," त्या म्हणाल्या. "माजा वर लावा, त्याचा खाली. काय यायचं ते आदी माज्यावर यिऊ द्या."

फोटो काढताना मामांची बडबड कधी थांबत नसे. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "पदर नीट घ्या, वैनी."

आईचा फोटो वर लागला, लेकाचा खाली. पुढे एकेक करून गावातल्या आया लेकरांचे फोटो परत घेऊन येऊ लागल्या. मालकांनी पोत्यांसाठी दुसरी जागा बघितली.