भाऊंच्या पाटावरचा माणूस

जळगाव स्टेशनच्या पुलाखाली एक म्हातारा बसायचा, आणि त्याला काही द्यावं की नाही हा प्रश्न मी रोज सकाळी नव्याने सोडवायचे. नोकरी पाचोऱ्याला, त्यामुळे गाडी गाठायची घाई. घाईत विचार करू नये म्हणतात, पण मला तो नेमका तेव्हाच सुचायचा. द्यावं तर सवय लावल्यासारखं होतं. न द्यावं तर पुलाच्या शेवटच्या पायरीपर्यंत पाठीला काहीतरी चिकटून येतं. शेवटी मी मोबाइल काढायचे आणि कुणाचाही फोन आलेला नसताना कानाला लावायचे. चार वर्षं मी हाच उपाय चालवला.

माझे वडील असला काहीही विचार करत नसत. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. समोर कुणी उभं राहिलं की त्यांनी खिसा चाचपलाच. "तुमच्यासारख्यांनीच यांना बसवून ठेवलंय," मी चिडून म्हणायचे. ते हसायचे आणि पुढे चालू लागायचे. मी तोंडाळ लेक, मागे हटणार थोडीच! त्यांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या दारात एक बाई हात पसरून उभी होती. त्यांनी नोट काढली, आणि मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले, ती नोट परत खिशात ठेवायला लावली. त्यांनी मुकाट्याने ठेवली. आठ दिवसांनी ते गेले. मला त्या ओरडण्याची अजून लाज वाटते.

मग त्यांची पहिली आखाजी आली, आणि मी गावातल्याच सासरहून माहेरी आले. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधतात, आणि त्याच दिवशी मेलेली माणसंही घरी जेवायला येतात. त्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवायची, आणि भाऊकीबाहेरच्या एखाद्या पुरुषाला त्यांच्या जागी पाटावर बसवायचं. तो पित्तर. तो जेवून तृप्त झाला की गेलेला माणूस तृप्त झाला. त्या दुपारी ऊन इतकं पांढरं असतं की गल्लीला कडाच उरत नाहीत. त्या पांढऱ्यातून टोप्या घातलेले पुरुष संथ चालत जाताना दिसले, की हे शेजारी आहेत की कुणाचे तरी वडील, आजोबा, हे लहानपणी मला कळत नसे. मोठेपणीही नीट कळलं असं नाही.

आमचे पित्तर म्हणून शेजारचे नाना ठरले होते. ऐन सकाळी त्यांचा धुळ्याहून फोन आला, साडू अचानक अत्यवस्थ होते म्हणून ते पहाटेच गेले होते. आई पुरणाचं पातेलं उतरवता उतरवता तशीच खाली बसली. मी चार घरं हिंडले. प्रत्येक पुरुष त्या दिवशी कुणाचा तरी बाप होऊन बसलेला. भाऊंचा पाट पहिल्याच वर्षी रिकामा राहणार, तेही मी त्यांना त्या दवाखान्याच्या दारात गप्प केल्यावर, हे मला सहन होईना. आणि चालता चालता, का कोण जाणे, मी पुलाखाली पोहोचले.

"आबा, आज आमच्याकडे जेवायला चला," मी म्हटलं. "पित्तर म्हणून."

त्याने डोळ्यांवर हात धरून मला पाहिलं. "कोना पित्तर?"

"माझ्या वडिलांचा."

"मी मांगीसन खास, माय. चाली का तुमले?"

"मागून खात असलात तरी चालेल," मी म्हटलं. आईला विचारलं नव्हतं.

तो नळावर गेला, डोकं भिजवलं, बोटांनी केस बसवले आणि माझ्यामागून आला. आईने त्याला ओळखलं की नाही, मला माहीत नाही. तिने पाय धुतले, गंध लावलं, पाटावर बसवलं. तो सावकाश जेवला. पंखा गरगरत होता, आमरसाचा वास आणि उकाडा मिळून घरभर गुंगी आली होती, बाहेर झोक्यावर कुणीतरी गाणं म्हणत होतं. आई त्याच्यासमोर बसून हळूहळू बोलायला लागली. माळवदाची गळती काढली म्हणाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणाली. गावाकडची केळी यंदा वाऱ्याने आडवी झाली म्हणाली. वर्षभरात ती अशी कुणाशीच बोलली नव्हती, माझ्याशीही. तो मध्येच मान हलवायचा, "हाव" म्हणायचा. माझ्या डोळ्यांसमोर त्याचे खांदे मधूनच भाऊंचे होत होते आणि पुन्हा त्याचे.

शेवटी आईने रीतीप्रमाणे विचारलं, "काही मनात राहिलं का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. कानाला फोन लावून रोज समोरून जाणारी बाई त्याने ओळखली नसेल, असं कसं होईल? त्याने एवढंच सांगावं, मग संपलंच.

"काही नही राहिनं," तो म्हणाला. "पोट भरनं."

मला रडू फुटलं. आईने त्याच्या हातात दक्षिणा ठेवली, आम्ही दोघी पाया पडलो, आणि तो उन्हात निघून गेला. मी माजघरात चटईवर पडले ती संध्याकाळपर्यंत झोपले. वर्षभरात अशी झोप आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माहेराहूनच कामावर निघाले. फोन पर्समध्ये ठेवला, शंभराची नोट काढून मुठीत धरली. चार वर्षांनी प्रश्न सुटला होता, द्यायचं. मी त्याच्यासमोर वाकले. त्याने हात चटकन मागे घेतला.

"तू नको दे, माय. तुना बाप बनीसन जेवनू ना काल? बाप पोरनं लेस का?"

"अहो आबा, बाप झालात ती एका दिवसाची रीत," मी म्हटलं. "काल आईचे घेतलेत की!"

"तुनी मायनी दिधं ते लिधं. तुनं नही."

मी नोट त्याच्या ताटलीत टाकायला गेले, तर त्याने ताटलीच पालथी केली. मी हट्टी, पण तो माझ्यापेक्षा हट्टी. वर गाडीची घोषणा झाली. माणसं आमच्याकडे बघत पायऱ्या चढत होती. मग त्याने बसायच्या पोत्याचा कोपरा उचलला, खालून दहाची एक घडी घातलेली नोट काढली आणि माझ्यापुढे धरली.

"आखाजीले ऊनी व्हतीस ना? पोर माहेरथीन रिकामा हाते जास नही."

भीक मागणाऱ्याकडून पैसे घ्यावेत की नाही, याचा विचार मी आयुष्यात केला नव्हता. ती कुणी दिली असेल, किती वेळ बसून मिळाली असेल, हे सगळं त्या क्षणी मनात आलं. त्याचा हात मागे जात नव्हता.

"द्या, भाऊ," मी म्हटलं, आणि सगळ्यांदेखत हात पुढे केला.