अनुदानाचा फोटो

ओतूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो आता ज्याचा तो मोबाईलवर काढतो, त्यामुळे माझं पोट चालतं सरकारी अनुदानाच्या फायलींवर. अर्ज केला की फोटो, मशीन आली की फोटो, तपासणी झाली की फोटो! बरीच वर्षं हेच करतोय राव. कुणी न झाडलेल्या घरात कोळिष्टकं साचावीत तसे किस्से साचलेत. हसू आलं तर हसा, मला आताशा येत नाही.

*

पिंपरी पेंढारच्या एका पावण्यानं टोमॅटो सॉसच्या युनिटसाठी अर्ज केला. जागा मोकळी दाखवायची होती. म्हणून म्हशी बाहेर बांधल्या, गोठा झाडला, मी फोटो काढला. साहेब कधीही बघायला येतील म्हणून म्हशी बाहेरच राहिल्या. पावसाळा गेला, थंडी गेली. एकदा बाजारात भेटला तेव्हा विचारलं, "काय, आली का मंजुरी?"

"न्हाई ना भाऊ. पण म्हशी इकल्या. आता गोठा खराच मोकळा हाय!"

*

बाईच्या नावावर अनुदान लवकर होतं, असं कुणीतरी सांगितलं. पेठच्या एकानं लगेच पापडाचा उद्योग बायकोच्या नावावर टाकला. तिला पत्ताच नाही! मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "ताई, तुमचा उद्योग काय?"

ती नवऱ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "सकाळपासनं ह्येंना सांभाळते, ह्योच!"

साहेब पोट धरून हसले आणि फाईल परत पाठवली.

*

आता हौसाबाई. घाटाकडच्या एका वाडीतल्या बचत गटाची ही अध्यक्ष. तिथल्या बायका भात भरडायला डोक्यावर घेऊन तासभर डोंगर उतरतात आणि तांदूळ घेऊन पुन्हा चढतात. वाडीतच गिरणी व्हावी, एवढंच तिला पाहिजे होतं. साहेबांनी विचारलं, "मार्केटिंगचा प्लॅन काय?"

"प्लॅन कसला सायेब? भात आमचं, भूक बी आमची!"

तरी मंजूर झाली बरं का! मशीन वाडीत पोचली त्या दिवशी मी तिचा फोटो काढला. इतकी हसली होती की डोळे मिटलेलेच आले.

*

मग कळलं, गिरणीला थ्री-फेज लागते आणि वाडीत दिव्यापुरतीच लाईट. फाईल करणाऱ्या एजंटानं 'थ्री-फेज उपलब्ध' म्हणून बिनधास्त टिक मारली होती. मी त्याला लई झापलं. तो थंडपणे म्हणाला, "नाय लिहिलं असतं तर मशीन तरी आली असती का?"

लाईटच्या अर्जावर अर्ज झाले, पण खांब काही आले नाहीत. दोन वर्षं गिरणी गोधडी पांघरून उभी. दसऱ्याला बायका तिला हळदकुंकू लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी भात घेऊन डोंगर उतरायच्या. त्याच उतरणीवर हौसाबाई पडली, पाय मोडला. मी भेटायला गेलो. म्हटलं, "गिरणी काय म्हणतीय?"

"सासूवानी बसवून ठिवलीय. पूजा करायची, कामाला लावायची न्हाई!"

मला फार वाईट वाटलं. चहा न घेताच उठलो.

*

शेवटी तपासणीचं पत्र आलं. चालू मशीनचा फोटो पाहिजे, नाहीतर मशीन परत जाणार. एजंटानं तासाच्या भाड्यानं जनरेटर आणला, पिकअपमधून वाडीत चढवला. तपासणीला साहेब आले, सगळी वाडी बघायला जमली.

खटका दाबला. आधी नुसती थरथर, मग गिरणी अशी काही गरजली की पोरं मागं पळाली! हौसाबाईनं नमुन्यापुरतं ठेवलेलं पायलीभर भात ओतलं. खाली पांढरा तांदूळ पडायला लागला. बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. मग एक घराकडं पळाली, तिच्यामागं दुसरी. बघता बघता पोती, घमेली, पाट्या, जे हाताला लागेल त्यात भात भरून गिरणीच्या दारापासून पार देवळापर्यंत रांग लागली. एक म्हातारी तर पदरात घेऊन आली होती.

मी एक फोटो काढला. साहेबांनी बघितला, फाईलवर सही केली. "झालं. बंद करा आता," म्हणाले. एजंट जनरेटरकडं निघाला.

हौसाबाई लंगडत माझ्याजवळ आली. माझं कोपर धरलं आणि हळूच म्हणाली,

"भाऊ, आजून फोटू काढा. सावकाश काढा."