न दुखणारा पाय

आमच्या घरी कधी बाहेरचा कारागीर आल्याचं मला आठवत नाही. कासारवाडीला रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्या खोल्यांत जे काही बिघडेल ते माझे यजमान स्वतः दुरुस्त करत. ते पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. फ्यूज उडाला, नळ गळायला लागला, स्टोव्ह भडकला, की कंपनीचे कपडेही न बदलता ते खाटेखालची हत्यारांची पेटी ओढायचे. शेजारणी आपापले स्टोव्ह घेऊन आमच्या दारात उभ्या असायच्या. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढे त्या पेटीचा इतका संताप आला की उचलून पवना नदीत फेकून यावी असं वाटे.

चाळिशी उलटली आणि यांना तहान फार लागायला लागली. कामावरून आले की तांब्यावर तांब्या पाणी प्यायचे. पँट कमरेवर ठरेना. मी म्हटलं, "अहो, अंग उतरलंय तुमचं. एकदा दवाखान्यात दाखवून या." त्यांनी पेटीतून पंच काढला, पट्टा उंबऱ्यावर ठेवला आणि हातोडीच्या एका ठोक्यात नवं भोक पाडलं. "झालं काम," म्हणाले. पुढे त्या भोकाच्याही आत आणखी एक पाडावं लागलं.

मग मोरीत मुंग्या यायला लागल्या. रोज सकाळी काळी रांग लागलेली. मोरीच्या कोपऱ्यात एक फट होती, तिथून येत असतील असं ठरवून यांनी सुट्टीच्या दिवशी सिमेंट कालवलं आणि फट बुजवली. मुंग्या दाराखालून यायला लागल्या. तेव्हा साताऱ्याकडची माझी थोरली जाऊ आमच्याकडे राहायला आली होती. तिनं मला बाजूला घेतलं. "आगं, लगवीला मुंग्या लागल्या म्हंजे अंगात साखर असती. दाव त्याला डाक्टरला." हे ऐकून यजमान मोठ्यानं हसले. "वैनी, आपल्या घरात कुणाला हाय का साखर? मुंग्यांचं काय, फट दिसली की येत्यात."

कामगारांसाठी विम्याचा दवाखाना होता, तिथं औषध फुकट मिळायचं. पण बाकावर बसून आपला नंबर यायची वाट बघायची, हे यांना जमणारं नव्हतं. आपलं काम दुसऱ्याच्या हातात दिलं की माणूस संपला, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

कंपनी दर वर्षी लोखंडी टोपीचे बूट द्यायची. नवी जोडी हे गावाकडं भावाला धाडायचे आणि स्वतः जुनीच वापरायचे. तळ झिजला की टायरचा तुकडा कापून ठोकायचा. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांनी उजव्या बुटाला असाच तळ बसवला. काम सुबक होतं. त्यांच्या हातचं वाईट काम मी कधी पाहिलंच नाही.

थोड्याच दिवसांनी धुणं धुताना उजव्या मोज्याच्या टाचेला डाग दिसला. ग्रीस असेल म्हणून मी साबण चोळला, तर पाणी लाल झालं. धुणं तसंच टाकून मी आत आले, दाराशी ठेवलेल्या बुटात हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. बोटातून रक्त येत होतं. तळाच्या एका खिळ्याचं टोक आत वर आलं होतं. हा बूट घालून हा माणूस अख्खी पाळी मशीनपाशी उभा राहत होता, सायकल मारत होता, आणि त्याला पत्ताच नव्हता!

रात्रपाळी करून झोपलेले यजमान उठले तेव्हा मी त्यांना पाय वर करायला लावला. टाचेला भोक पडलं होतं, कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

"अहो, एवढा खिळा घुसला आणि कळलं नाही तुम्हाला?"

"दुखत न्हाई," ते म्हणाले. खरंच आश्चर्य वाटल्यासारखं त्यांनी जखमेत बोट घालून पाहिलं. "बग, जरासुदिक न्हाई."

त्यांनी खिळा ठोकून वाकवला, वर चामड्याची चकती चिकटवली. जखमेवर टिंक्चर ओतलं. मी दवाखान्याचं नाव काढलं तेव्हा ते मला समजावायला लागले, अगदी शांतपणे. "अगं, मशीन बिघडलं की आवाज करतं. आवाज न्हाई म्हंजे आत सगळं ठीक हाय. दुखलं असतं तर मीच गेलो असतो."

असं फक्त फिटरलाच सुचावं. मशीनला स्क्रूड्रायव्हर लावायचा, त्याच्या मुठीला कान टेकवायचा आणि आतलं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं, यात त्यांचा हात धरणारा कारखान्यात कुणी नव्हता. सगळं आयुष्य बिघाडाचा आवाज ऐकण्यात गेलेलं. आता ते आपल्या पायाचा आवाज ऐकत बसले होते आणि पाय मुका झाला होता. त्या दिवशी मी खूप भांडले. रडले. स्वयंपाक केला नाही. त्यांनी स्वतःच पिठलं केलं आणि माझं ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं.

पाय सुजला, बुटात जाईना. मग त्यांनी बूटच कापून मोठा केला. खोलीत वास यायला लागला. कुठंतरी उंदीर मेला असेल म्हणून मी कपाट ओढलं, डबे हलवले, भिंतीलगत हात घालून पाहिलं. मग हे झोपले होते त्या खाटेपाशी आले आणि कळलं. त्याच दिवशी त्यांना कामावर हुडहुडी भरून आली आणि सोबतच्या लोकांनी कंपनीच्या गाडीतून थेट पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "साखर इतकी चढेपर्यंत काहीच लक्षात आलं नाही?" मी त्यांना पट्ट्याचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं, बुटाचं सांगितलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की शरीर आपल्या परीनं ओरडत होतं आणि प्रत्येक ओरडा या माणसानं दुरुस्त करून टाकला होता. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

नंतर कंपनीनं स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. घरातली कामं माझ्याकडं आली. हे खाटेवर बसून ओरडायचे आणि मी स्टुलावर चढून फ्यूजची तार बांधायची. काचेची सिरिंज पाण्यात उकळायची, सकाळी इंजेक्शन द्यायचं. दवाखान्यातल्या सिस्टरनं मला मोसंबीवर टोचायला शिकवलं होतं. डॉक्टरांनी आणखी एक काम लावून दिलं. "दुसऱ्या पायाच्याही नसा कमजोर होतायत. रोज त्यांना डोळे मिटायला सांगा, तळव्याला पिनेचं टोक हलकेच टेकवा आणि विचारा. ज्या दिवशी कळणार नाही, त्या दिवशी घेऊन या. थांबू नका."

रोज संध्याकाळी मी डावा पाय मांडीवर घ्यायची. बांगडीला अडकवलेली पिन काढायची. टाचेला, अंगठ्याला, बोटांच्या मुळाशी टेकवायची. "दुखतंय?" "दुखतंय." मला तेवढ्यानं बरं वाटायचं. दुखतंय हे ऐकून ज्या बाईला आनंद होतो तिचं काय झालं असेल, हे माझं मला ठाऊक.

खंडेनवमी आली. दर वर्षीप्रमाणं पेटीतली हत्यारं पुसून पाटावर मांडली. हातोडी, पंच, पाने, कानस. मी हळदकुंकू वाहत होते तेव्हा हे म्हणाले, "इंजेक्शनची डबी बी मांड. ते बी हत्यारच हाय की." डबी मांडली, तिला झेंडूचं फूल वाहिलं. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

संध्याकाळी नेहमीप्रमाणं पाय मांडीवर घेतला. त्यांनी डोळ्यांवर हात आडवा ठेवला. अंगठ्याचं नख वाढलं होतं, आधी ते कापावं का असं मनात आलं. नखाकडं बघत मी तळव्यावर नुसता हाताचा अंगठा ठेवला आणि सवयीनं विचारून गेले, "दुखतंय?"

"दुखतंय की," ते लगेच म्हणाले. "टोचली चांगलीच."

पिन अजून माझ्या बांगडीलाच होती.