पडीक जमिनीचा धडा

तपासणीच्या दिवशी माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला मी मंद म्हणालो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. कर्जतच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचो. नोकरी अजून कायम व्हायची होती. मुलं धडे घडाघडा म्हणत. "यातलं काय पटलं नाही?" असं विचारलं की गप्प. एकजण म्हणाला, "गुर्जी, छापलेलं हाय. न पटून कुनाला सांगनार?" वर्ग हसला. लिहिणारा कोण, त्याला हे कसं कळलं, त्यानं काय गाळलं, हे विचारा म्हणून मी वर्षभर डोकं आपटलं. विचारू लागला तो एकच मुलगा, भिवपुरीकडच्या भातकरी घरातला.

इन्स्पेक्टर आले की आमची एक रीत असे. उत्तर येणाऱ्यानं उजवा हात वर करायचा, न येणाऱ्यानं डावा. सगळा वर्ग तयार दिसतो. चीड यायची त्या रीतीची, पण तालीम मीही घेतली.

त्या तपासणीला धडा आळसावर होता. भात निघालं की शेतकरी जमीन पडीक ठेवतो, असं त्यात लिहिलेलं. साहेबांनी विचारलं, "का ठेवतो?" भिवपुरीकडच्या त्या मुलाचा उजवा हात दिसला, तसं मी त्याला खुशीत उठवलं.

"पानी नाय म्हनून, साहेब. वीजघराचं पानी नदीनं खाली जातं, आमी बघत ऱ्हातो. धडा लिहिनारा माघात आमच्याकडं आलाच नसंल."

साहेब माझ्याकडे वळले. "हे तुम्ही शिकवता?"

"छे, साहेब. मुलगा जरा मंद आहे," मी म्हणालो. "बस रे खाली."

शेरा चांगला मिळाला. मी कायम झालो.

पुढच्या आठवड्यात त्याचा बाप शाळेत आला. "मास्तर, पोरगं मंद हाय असं तुमीच साहेबाला सांगितलं म्हनं. मंग उगा कशाला बसवायचं? नांगर तरी धरंल."

मास्तर बोलले म्हणजे खरंच, एवढीच त्याची समजूत. तेव्हा मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "बघा, तुमची मर्जी."

मुलगा दाराशी उभा होता. त्यानं काहीच विचारलं नाही.

त्याचं नाव मीच पटावरून काढलं. तुमचा मुलगा मंद नव्हता, मी घाबरलो होतो, एवढं सांगण्याचं मी त्या बापाचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.