संपातला बांध

खोताची शेतं कसायची नाहीत, असं गावानं ठरवलं त्याला दुसरा पावसाळा लागला होता. संपाची पत्रकं मीच देवळासमोर वाचून दाखवत असे. त्यांतला शब्द न शब्द मला खरा वाटे, आजही वाटतो. पण समुद्राच्या बांधाविषयी त्यांत एक ओळही नव्हती.

आमची शेतं, कागदावर खोताची, पण खाडीकडून मिळवलेली आमच्या वाडवडिलांनी. आषाढातल्या उधाणाआधी घरटी एकानं बांधाला माती घालायची, खेकड्यांची बिळं बुजवायची आणि बांधापुढच्या तिवरांच्या झाडांना कोयता लावायचा नाही, ही जुनी रीत. तिवरं लाटेचा जोर खातात. खारं पाणी एकदा आत शिरलं की जमीन कित्येक वर्षं भात देत नाही.

अवसेच्या सकाळी आई बांधावरून धावत आली. संपामुळं यंदा बांधाला माती पडली नव्हती; एके ठिकाणी तो आतून पाझरत होता. भरती दुपारी होती.

काका संपाचे पुढारी. ते भडकले. "वयनी, खोताच्या बांधाला माती लावलीत तर संप मोडला समजा. बुडू दे त्याचं शेत!"

"त्याचं?" आई म्हणाली. "तो कवा चिखलात उतरलाय? उद्या संप जिंकाल भावजी, नि पेराल काय? मीठ?"

संप खोताशी होता; जमिनीशी आमचं कसलं भांडण? मी फावडं उचललं.

आम्ही चिखल लावत होतो तोच खोताचा कारभारी छत्री घेऊन आला. "काय, संपला वाटतं संप?"

"न्हाय. नांगर घरातच हाय," आई म्हणाली. "छत्री मिटा नि टोपली उचला. पानी चढतंय."

तो निघून गेला. तिवरांचे नुसते शेंडे दिसू लागले. लावलेला चिखल पुन्हा पुन्हा ओघळत होता. बांध फुटला तर जमीन जाणार, आणि गाव म्हणणार, संपही यांनीच मोडला.

तेवढ्यात काका आले. डोक्यावर पेंढ्याचा भारा. "मी संपावरच हाय," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. पेंढा भोकात कोंबून ते त्यावर उभे राहिले आणि तुडवू लागले. आम्हीही तुडवू लागलो.

बांधाच्या माथ्याखाली वीतभर असताना पाणी थांबलं, मग हळूहळू उतरू लागलं.

"उद्याचं पानी याहून मोठं ना, वयनी?"

आईनं मान डोलावली आणि पुढचं बीळ शोधायला वाकली.