शेजारी कोण झोपतं?

मी घोरते हे मला लग्नानंतर कळलं. माहेरी कुणी सांगितलं नव्हतं, कारण माहेरी सगळेच घोरायचे. ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास लग्न होऊन मंठ्याला आले, आणि पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी चूल पेटवता पेटवता विचारलं, "काय गं पोरी, रात्री दळण घातल्तं का?" मी आपली भाबडेपणानं म्हणाले, "न्हाई, पीठ हाय की डब्यात." मागं जाऊ खुदकन हसली तेव्हा डोक्यात उजेड पडला.

पुरुष घोरला की "दमून आलाय बिचारा" म्हणतात. बाई घोरली की घरभर तोंडाला पदर लावून हसू. मला याचा तेव्हाही संताप यायचा आणि आजही येतो.

एकदा चुलत दिराच्या लग्नाला आम्ही कुंभार पिंपळगावला गेलो. वऱ्हाडातल्या बायकांची झोपायची सोय शाळेच्या खोलीत, एका लांब सतरंजीवर, ओळीनं. सकाळी उठले तर पोरंटोरं नाकातून आवाज काढून एकमेकांना टाळ्या देत होती, आणि नवरीकडची एक अनोळखी बाई दाराशी येऊन मला नुसती बघून गेली. त्या दिवसापासून मी कुठल्याही लग्नघरात पाठ टेकली नाही. आचाऱ्यापाशी जाऊन बसायचं, पुरण वाटायचं, भाज्या निवडायच्या, उजाडेपर्यंत हात चालू ठेवायचे. "सून लई कामाची बघा," असं माझं नाव दोन तालुक्यांत झालं. मग मंगलाष्टका चालू असताना मी मुठीत अक्षता घेऊन उभ्या उभ्या पेंगायची. नवरा-नवरीच्या डोक्यावर माझ्या अक्षता कधी वेळेवर पडल्या नाहीत.

आमचे हे कंडक्टर. पहाटेची परतूरची गाडी असायची. मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत, एवढं खरं. लग्नाला दोन-चार वर्षं झाल्यावर एक दिवस वळकटी उचलून बाहेरच्या खोलीत गेले. म्हणाले, "झोप झाली न्हाई तर गाडीत डुलकी लागून राह्यली." पुढं त्यांची पाळी बदलली, दुपारची गाडी मिळाली, तरी वळकटी बाहेरच राहिली. मी परत बोलावलं नाही. कोणत्या तोंडानं बोलावणार? पोरं आजीजवळ झोपायची. मी आतल्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांच्या बाजूला अंथरूण टाकायची आणि दार लावून घ्यायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. घरात एवढी माणसं असून मला रात्री कुणी नव्हतं. याचं फार वाईट वाटायचं, पण सांगायचं कुणाला, आणि काय म्हणून?

मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. पोरं पाढे म्हणत असायची आणि माझी मान खाली जायची. एकदा हेडमास्तरांनी विचारलं, "बाई, घरी झोप मिळत न्हाई का?" मी म्हणाले, "सर, झोपच तेवढी मिळते." त्यांना वाटलं मी उलट बोलले. बोललेच होते.

नव्वद सालानंतर सकाळी उठल्याबरोबर डोकं ठणकायला लागलं. तोंडाला कोरड, अंग ठेचल्यासारखं. गावातल्या डॉक्टरांनी पट्टा बांधून बीपी सांगितलं आणि मीठ तोडलं. मग काय, ज्याला त्याला माझी काळजी. कुणी म्हणे लसूण खा, कुणी शेवग्याचा पाला सांगे, कुणी म्हणे टेन्शन घेऊ नको. अहो, मला टेन्शन द्यायला तरी कोण येत होतं? मी वर्षानुवर्षं अळणी आमटी गिळली, लोणच्याच्या बरणीकडं पाठ फिरवली, एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. बीपी आपलं वरच. डॉक्टरांना मी चोरून पापड खाते असा संशय होता.

पुढं शाळेच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला. संध्याकाळी पाय सुजायचे. छातीत मधेच धडधड सुरू व्हायची आणि हात लावून बसून राहावं लागायचं. दोन हजार सालानंतर कधीतरी हे मला जालन्याला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले.

त्या डॉक्टरांनी छातीचा फोटो, ईसीजीची पट्टी, सोनोग्राफी सगळं पाहिलं. म्हणाले, "हृदयाचा स्नायू जाड झालाय. जास्त दाबानं काम करून करून होतो तसा. इतक्या गोळ्यांनी बीपी उतरत नाही म्हणजे मूळ दुसरीकडं आहे." मग माझ्या गळ्याकडं बघत विचारलं, "घोरता का?"

मी चोरी सापडल्यासारखी खाली बघितलं.

"झोपेत मधेच श्वास थांबतो का?"

"मला कसं कळणार? मी झोपलेली असते."

"बरोबर," डॉक्टर हसले. "म्हणून तर विचारतो. शेजारी कोण झोपतं?"

हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते भिंतीकडं बघायला लागले. मी म्हणाले, "कुणी नाही." एवढे दोन शब्द बोलायला मला फार जड गेले.

डॉक्टर काय समजायचं ते समजले असावेत. त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. झोपेत घसा सैल पडून वाट बंद होते, श्वास अडतो. रक्तातला प्राणवायू उतरतो. मग शरीर घाबरून जागं होतं, हृदय पळायला लागतं, दाब चढतो, श्वास सुरू होतो. आपल्याला काही आठवत नाही, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच, रात्रभर. "झोपेत बीपी खाली यायला पाहिजे, हृदयाला तेवढाच विसावा. तुमचं झोपेतच चढतं." तपासणी औरंगाबादला होणार होती, नंबर लागायला वेळ होता. तोवर कुणीतरी जवळ बसून श्वास बघावा आणि त्यांना कळवावं, म्हणजे नंबर लवकर लावून घेता येईल. "उशीर करू नका. या हृदयानं पुष्कळ सोसलंय."

परत येताना गाडी वाटूरला थांबली. ह्यांनी न विचारता खिडकीतून मला चहा दिला.

रविवारी दुपारी त्यांनी माझ्या उशाशी खुर्ची मांडली. मला लाजच वाटली. इतक्या वर्षांनी नवरा बघत बसणार, तेही घोरताना! मी तोंडावर पदर घेतला, तर म्हणाले, "काढ ते. श्वास दिसला पायजे ना." मी कुशीवर वळले, पोत्यांकडं तोंड केलं. पण माझी झोप कसली थांबते. लागलीच, आणि झोपेत पुन्हा उताणी झाले असणार.

जाग आली ती ते मला दोन्ही खांदे धरून हलवत होते म्हणून. तोंड पांढरंफटक, चष्मा खाली पडलेला.

"काय झालं हो?"

"तू थांबली व्हतीस. छाती हलून राह्यल्ती, पोट हलून राह्यल्तं, पण हवाच जाईना आत. व्हट काळे पडले." मग ते जमिनीवरच बसले. चष्मा उचलत म्हणाले, "आधी बी असंच व्हायचं. आपलं नवीन लग्न झाल्तं तवा. तुझं घोरणं मधीच बिलकुल बंद पडायचं. मला वाटायचं, चला, सुटलो. मंग तेवढ्यात मी जल्दी झोपून घ्यायचो."

म्हणजे सासूबाई, जाऊ, पिंपळगावच्या त्या सतरंजीवरच्या बायका, सगळ्या त्याच शांततेची वाट बघत पडलेल्या. माझा श्वास अडला की त्यांना बरं वाटायचं, आणि त्यांचे डोळे लागायचे. दाराआड पोत्यांजवळ झोपतानाही मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. ओरडावंसं वाटलं. "चहा ठेवते," म्हणून उठले.

तपासणी झाली. नाकावर बांधायचा मास्क आणि हवा सोडणारं मशीन घरी आलं. सकाळचं डोकं दुखणं गेलं, शाळेतल्या डुलक्या गेल्या. बीपी हळूहळू उतरलं, एक गोळी कमी झाली. हृदय जाड झालंय ते सगळं काही पहिल्यासारखं होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी आता घोरत नाही.

ह्यांनी काही न विचारता आपली खाट आतल्या खोलीत आणली. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. पण आता त्यांना झोप लागत नाही. खोली शांत असली की दचकून उठतात, माझ्या बरगडीवर तळवा ठेवतात आणि हळूच विचारतात, "हायेस ना?"

मास्क लावल्यावर मला बोलता येत नाही, तोंड उघडलं की हवा सुटते. त्यांचा तळवा लागला की मला बहुतेक जाग येतेच. त्यांच्या हातावर हात ठेवला की ते निवांत होतात, कूस बदलतात. पण कधी कधी मी लगेच हात ठेवत नाही. त्यांना त्या शांततेत थोडं जागू देते, आणि मग ठेवते.