तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या

मथुराबाईच्या हातून आयुष्यात काही वाया गेलं नाही. सुतळीचा तुकडा, लुगड्याचा काठ, शिळी भाकरी, सगळ्याची तिच्याकडे सोय होती. औषधाच्या उरलेल्या गोळ्यांना तर थेट देवळीत, तुळजाभवानीच्या फोटोशेजारी जागा. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ती त्या जपून ठेवायची. लोहारा तालुक्यातल्या त्या लहानशा गावात कुणाला कणकण आली की लोक आधी तिचं दार वाजवायचे. ती दोन गोळ्या काढून द्यायची आणि कुणी पैसे पुढं केले तर भडकायची.

"दवा इकत न्हाय म्या," म्हणायची.

या भडकण्याला कारण होतं. पस्तीस वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या लेकाला हिवताप झाला. नवरा, दगडोबा, चालत लोहाऱ्याला गेला. दुकानदारानं किंमत सांगितली, दगडोबानं खिसा चाचपला, तेव्हा दुकानदारानं कात्री घेऊन पट्टी कापली आणि चार गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. बाकीच्या पैसे आणल्यावर. पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत तीन दिवस गेले, आणि पोरगंही गेलं. राग दुकानदाराचा करायचा की त्या गोळीची किंमत ठरवणाऱ्याचा, हे तिला कळलं नाही. कुणाला कळलंय?

पुढं दिवस पालटले. गोळ्या फुकट झाल्या. गावची आशा सेविका महेश्वरी घरी येऊन बोटातलं रक्त तपासायची आणि अख्खं पाकीट हातात द्यायची. पहिलं पाकीट मथुराबाईनं कपाळाला लावलं होतं. पण सरकारचा काय भरवसा, आज आहे उद्या नाही! ताप उतरला की ती कात्री घ्यायची, उरलेल्या गोळ्या कापायची आणि डब्यात टाकायची. शेजारणींकडेही मागायची. "उतरला न्हवं ताप? मग राह्यलेल्या द्या की. कुणाचं लेकरू वाचंल." महेश्वरी समजावून थकली. पाकीट संपवलं नाही तर रोग मुळापासून जात नाही, दडून बसतो. मथुराबाई मान हलवायची. खरंच हलवायची, अगदी पटल्यासारखी.

गेल्या भाद्रपदात धाकटा लेक शंभू गडचिरोलीकडच्या रस्त्याच्या कामावरून तापानं फणफणत घरी आला. दगडोबा वारल्यापासून घरात तो, त्याची बायको हर्षाली आणि मथुराबाई एवढीच माणसं. महेश्वरीनं तपासणी केली, हिवताप निघाला, तिनं तीन दिवसांचं पाकीट दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शंभू उठून बसला, पिठलं-भाकरी मागून घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी मथुराबाईनं कात्री काढली.

"माय, ताई म्हनली व्हती, समद्या खायच्या," शंभू म्हणाला.

"अंगात ताप हाय का तुज्या? मग? कशाला उगं प्वाटात घालायच्या!"

शंभू हसला. आईच्या डब्याची त्याला लहानपणापासून सवय. हर्षाली चुलीपाशी होती. सासूपुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं, तेव्हाही उघडलं नाही.

तीन आठवड्यांनी ताप परत आला. मथुराबाई घाबरली नाही. डबा अशाच वेळेसाठी तर राखला होता! तिनं या पट्टीतल्या दोन, त्या पट्टीतली एक, असं करत गोळ्या दिल्या. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शंभूनं हर्षालीला ओळखलं नाही. मग जीप, लोहारा, तिथून धाराशिव.

"मागच्या वेळी गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

हर्षालीनं सासूकडं पाहिलं.

"व्हय," मथुराबाई म्हणाली. "समद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी शंभू गेला. खरं सांगितलं असतं तरी इंजेक्शन तेच दिलं असतं, असं महेश्वरी नंतर तिला म्हणाली. असेलही तसं. पण थोरला गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून गेला आणि धाकटा गोळ्या हातात असताना गेला, हे मथुराबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चौदावा झाल्यावर तिनं डबा महेश्वरीच्या हवाली केला. "पुरून टाका ताई ह्यो." मग चार दिवसांनी घरोघर सांगायला निघाली. पहिलंच घर प्रेमाबाईचं. तिच्या सुनेला आठवड्यापूर्वी हिवताप निघाला होता.

"पाकीट संपिवलं का गं सुनंनं?"

लेक गमावलेली म्हातारी दारात आलेली पाहून प्रेमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं मन राखावं म्हणून ती लगबगीनं आत गेली आणि देवळीतून पेढ्यांचा डबा घेऊन आली. आत कापलेल्या पट्ट्या नीट रचलेल्या होत्या.

"न्हाय संपिवलं. राखून ठिवल्यात. तुमचा डबा गेला म्हनून समद्या गल्लीनं आता हितंच आनून दिल्यात. तुमीच तर शिकिवलं."

मथुराबाई उंबऱ्यावरच बसली. तिनं सगळं सांगितलं. कात्री, तिसरा दिवस, डॉक्टरांशी बोललेलं खोटं, काही लपवलं नाही. प्रेमाबाई पदरानं डोळे पुसत ऐकत होती, मान हलवत होती, अगदी पटल्यासारखी.

मग प्रेमाबाई आत गेली आणि डबा परत देवळीत ठेवून आली.